गाडी नको, असं त्या म्हणाल्या होत्या

*ताई, नमस्कार. मी ठाण्यात कोलशेत रोडला राहतो. वय ४७, खासगी कंपनीत नोकरी. मिसेस बँकेत आहे, बेलापूर शाखेत. एकुलती एक मुलगी जूनमध्ये पुण्याला कॉलेजला गेली. आता घरात आम्ही दोघं आणि माझी आई.*

*मध्यंतरी मिसेस म्हणाली, "दोनच दिवस कुठेतरी जाऊ या. अलिबागला. बोटीने जाऊ, गाडी नको." मी लगेच कामाला लागलो. एक्सेलमध्ये सगळा प्लॅन केला. पुढच्या महिन्याचा पहिला शनिवार-रविवार, भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, म्हणजे गाडीही सोबत. शनिवारी कुलाबा किल्ला, चौल, रेवदंडा, कोर्लई. रविवारी काशीद, मुरूड-जंजिरा आणि रात्री घरी. दोन्ही दिवस दुपारी सुरमई थाळी. आईची सोय मिसेस बघेल (बहीण डोंबिवलीत आहे, पण तिला कशाला त्रास). प्लॅन तिला व्हॉट्सअॅप केला. दिवसभर उत्तर नाही. रात्री म्हणाली, "छान आहे. तूच ये जाऊन."*

*माझं कुठे चुकलं? मला बोट लागते की नाही हेही माहीत नाही, कधी बसलोच नाही. आई अपघाताची बातमी काढून बसते ते वेगळंच. आणि खरं सांगतो, कोणाला सांगू नका, दोन दिवस फक्त दोघंच म्हटलं की माझ्याच पोटात गोळा येतो. बोलायचं काय?*

*– एक वाचक, ठाणे*

नमस्कार.

"कोणाला सांगू नका" असं लिहून पत्र सदराला धाडणारे तुम्ही पहिले नाही. नाव छापलेलं नाही, निश्चिंत असा.

तुमच्या मिसेसनी मोजून तीन गोष्टी मागितल्या होत्या. दोनच दिवस, बोटीने, गाडी नको. तुम्ही त्यातली बोट तेवढी ऐकलीत आणि गाडी बोटीत चढवून मोकळे झालात. 'बोटीने' ही अट कागदावर पूर्ण झाली खरी. पण ज्या बाईने "गाडी नको" असं स्वच्छ मराठीत सांगितलं, तिला स्वतःच्या सहलीच्या पहिल्याच ओळीत गाडी दिसली. दिवसभर उत्तर आलं नाही यात मला तरी काही गूढ वाटत नाही.

रो-रोबद्दल माझं वाईट मत नाही, उलट चांगलंच आहे. मार्च २०२०मध्ये ती सुरू झाली, कोविडने लगेच बंद पाडली आणि मग पुन्हा रुळली. शनिवारच्या सकाळी पेण-वडखळच्या रांगेत ज्यांनी गाडी काढली आहे, त्यांना विचारा तासाभरात गाडीसकट मांडव्याला उतरण्याची किंमत. दिवाळीत मुलगी घरी आली की चौघं जा, आईंना मागच्या सीटवर नीट बसवा, औषधांची पिशवी, उशी, थर्मास सगळं डिकीत टाका आणि रो-रोनेच जा. तेव्हा चौल-रेवदंडाही करा. पण ती घरच्यांची सहल झाली, या पत्रातली सहल दुसरी आहे.

गाडी सोबत आली की काय होतं तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही ड्रायव्हर होता आणि त्या मोबाइलवर रस्ता बघणाऱ्या होतात. "मी डावीकडे सांगितलं होतं", "तू उशिरा सांगितलंस". मग पार्किंग. मग गाडी उन्हात आहे, मग आरशाला कोणी घासून गेलं का. तुम्ही एरवी कोलशेत ते ऑफिस हेच करता. त्यांना बहुतेक त्यातूनच सुटका हवी होती, अलिबाग हे निमित्त. मला दुसरंही एक वाटतं. बेलापूरला नोकरी म्हणजे त्या रोज ट्रान्स-हार्बरने जात असणार, येता-जाता कळव्याची खाडी खिडकीतून बघत असणार. इतकी वर्षं पाण्यावरून जाऊन पाण्यात एकदाही न उतरलेल्या माणसाला बोटीत बसावंसं वाटणं अगदी साहजिक आहे. विचारून बघा, माझा अंदाज चुकीचाही असेल.

आता तारीख. बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते, २०१५पासून. पहिल्या शनिवारी नसते. बायको बँकेत आहे आणि मुलगी कॉलेजात जाण्याइतकी तुमच्या संसाराची वर्षं झाली आहेत. हे वाचून मी चहाचा कप खाली ठेवला.

आणि कंसातलं ते वाक्य. बहिणीला त्रास नको म्हणून बायकोला द्यायचा, हे तुम्ही किती सहज लिहून गेलात! दोन दिवस बाहेर जाणं म्हणजे तुमच्या तक्त्यात ठिकाणं आणि वेळा आहेत. त्यांच्या डोक्यातल्या तक्त्यात दुधाचं काय, कामवाल्या मावशींना किल्ली कोण देणार, आईंच्या रात्रीच्या गोळ्या, दोन वेळचं जेवण करून फ्रीजमध्ये ठेवायचं की डबा लावायचा, गॅसचा कॉक, कुंड्यांना पाणी हे सगळं आहे. ही तयारी करून निघायचं, तिकडे सहा ठिकाणं धावायची, रविवारी रात्री परतून सोमवारी पुन्हा काउंटरवर बसायचं. मलाही कोणी असा बेत पाठवला तर मी तेच म्हणेन, तूच ये जाऊन.

तेव्हा पहिलं काम आजच करा. बहिणीला फोन करा, स्वतः. दोन दिवस आईंकडे येऊन राहशील का, एवढं विचारा. डोंबिवली काही परदेशात नाही. तिला जमणार नसेल तर दुसरी सोय तुम्ही शोधा, पण तुम्ही शोधा. आणि आईंना सांगायचं कामही तुमचंच. "आई, आम्ही जाऊ का?" असं विचारत उभे राहू नका, आणि बायकोला पुढे करून तर मुळीच नको. "आई, आम्ही दोघं शुक्रवारी अलिबागला जातोय, शनिवारी येतो, ताई राहायला येतेय," असं चहा घेताना सांगून टाका. सत्तरी ओलांडलेल्या बायांना मुलगा-सून फिरायला जातात याचं वाईट वाटत नाही. आपल्याला शेवटी कळतं, याचं वाटतं.

आईंची बोटीची भीती मात्र हसण्यावारी नेऊ नका. १८ डिसेंबर २०२४ला गेटवेहून एलिफंटाला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि माणसं गेली. ज्यांनी ते मोबाइलवर पाहिलं ते विसरणार नाहीत. आईंना "काही होत नाही" म्हणण्यापेक्षा काय करणार ते सांगा. लाइफ जॅकेट अंगात घालून बसणार, हातात धरून नाही. बोट खचाखच भरलेली दिसली तर पुढची घेणार. उतरलो की फोन करणार. आणि हे तिन्ही खरंच करा.

शुक्रवार-शनिवार का म्हणाले ते सांगते. दुसरा किंवा चौथा शनिवार धरा. मिसेसनी शुक्रवारची एक रजा टाकायची, तुम्हीही टाका. शुक्रवारी सकाळच्या बोटीत कामाधंद्याची माणसं असतात, टोळकी नसतात. शनिवारी सगळी मुंबई मांडव्याला उतरत असते तेव्हा तुम्ही उलटे निघालेले असता. राहायची जागाही शुक्रवारच्या एका रात्रीसाठी सहज मिळते. आणि रविवार पूर्ण घरी, कपडे धुवायला, लोळायला. सहलीनंतरचा दिवस मोकळा असणं ही चैन आहे, आणि ती फुकट मिळते. लाँग वीकेंड आणि वर्षअखेर टाळा. पावसाळ्याचं तर बोलूच नका. मेअखेरीपासून गेटवे-मांडवा बोटी बंद असतात, त्या साधारण सप्टेंबरच्या तोंडावर सुरू होतात. रो-रो पावसातही हवामान बघून फेऱ्या करते. तुम्हाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पाणी शांत असतं, उकाडा नसतो.

जायचं कसं, तर गेटवेवरून. ठाण्याहून लोकलने सीएसएमटी, तिथून टॅक्सी. फक्त शुक्रवार आहे हे विसरू नका. साडेआठच्या फास्टमध्ये पाठीवर सॅक घेऊन उभं राहिलात तर सहल दादरच्या आतच संपेल. सहाच्या सुमाराची लोकल पकडा, नाहीतर सरळ दहानंतर निघा. गेटवेहून मांडवा साधारण एक तास. तिकिटातच मांडवा ते अलिबाग बसचे पैसे धरलेले असतात, म्हणून तिकीट फेकू नका, बसमध्ये चढताना दाखवावं लागतं. बोटीतून उतरल्यावर सगळे जेट्टीवर त्या बससाठी पळत सुटतात. तुम्ही पळू नका, पळणाऱ्या नवऱ्याच्या मागून सॅक सांभाळत चालणं हा बायकांच्या वाट्याला आलेला फार जुना व्यायाम आहे.

बोटीत वरच्या डेकवर बसा. काही बोटींवर त्याचे थोडे जास्त पैसे घेतात, ते द्या. हिवाळ्यात कुरव पक्षी बोटीच्या मागे मागे येतात. लोक त्यांना गाठ्या आणि वेफर्स उडवतात, तुम्ही ते करू नका. गेटवे आणि ताज मागे सरकतात, नौदलाची जहाजं, मालवाहू जहाजं दिसतात. हवा स्वच्छ असेल तर मांडवा जवळ येताना दक्षिणेला थळच्या समोर खांदेरी-उंदेरी ही किल्ल्यांची बेटं दिसतील. १६७९मध्ये महाराजांनी खांदेरीवर बांधकाम काढलं आणि इंग्रजांनी ते थांबवायला जहाजं पाठवली, तरी ते झालं. २०२५च्या जुलैमध्ये खांदेरी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. हे तिथे बोटीवर सांगितलंत तर चालेल. पण दोन मिनिटांत आटपा, पुढे त्यांना पाणी बघू द्या.

बोट लागेल का? हिवाळ्यात सकाळी सहसा नाही. आदल्या रात्री जागरण नको, निघताना पोट रिकामं नको आणि वडापाव-भजीने भरलेलंही नको. बोटीच्या मधल्या भागात हलणं कमी असतं. मोबाइलमध्ये डोकं घातलं की मळमळतं, लांब क्षितिजाकडे बघितलं की बरं वाटतं. आलेपाक खिशात असू द्या. फारच धास्ती असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्या, ती बोटीत चढायच्या आधी घ्यायची असते, मळमळायला लागल्यावर नव्हे. आणि लागलीच बोट, तर लागली. बायकोसमोर ओकारी काढल्याने कोणाचा संसार मोडल्याचं मी ऐकलेलं नाही.

परतीचा रस्ता मी वेगळा सुचवते आणि तो मला जास्त आवडतो. अलिबागहून एसटी किंवा मिनीडोअर रिक्षाने रेवस. रेवसहून करंजाला तर सुटते, छोटी लाँच, पाण्यातला वेळ अगदी थोडा. बाजूला कोळणींच्या पाट्या, एखादी दुचाकीसुद्धा चढवलेली. करंजाहून रिक्षाने उरण स्टेशन. १२ जानेवारी २०२४पासून उरणपर्यंत लोकल आली आहे, ती नेरूळ-बेलापूरला आणून सोडते आणि तिथून ठाण्याची गाडी. गेटवेचा थाट यात नाही, पैसे मात्र अगदी कमी लागतात. नवी मुंबईत राहणाऱ्या वाचकांनी तर जातानाही हाच रस्ता धरावा, सकाळी उलटं मुंबईत शिरायचं कारण नाही. बेलापूरहून २०२२मध्ये वॉटर टॅक्सीचं उद्घाटन झालं होतं, पण अशा सेवा चालू-बंद होत राहतात, त्यांच्या भरवशावर रजा टाकू नका. आणि कोलशेतच्या जेट्टीबद्दल तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ऐकत असाल!

हा रस्ता सुचवण्याचं आणखी एक कारण आहे. नेरूळपासून पुढे तो तुमच्या मिसेसचा इलाका आहे. कुठल्या डब्यात चढायचं, तुर्भ्याला कोण उतरतं, ठाण्याला कुठल्या पुलाने बाहेर पडायचं, त्यांना सगळं पाठ. तुम्ही गाडीने फिरणारे. तेव्हा दोन तास तुम्ही त्यांच्या मागे चाला.

आता ती सहा ठिकाणं. अलिबागहून मुरूड पन्नासेक किलोमीटर, काशीद त्याच वाटेवर. जंजिऱ्याला पुन्हा होडीची रांग. तो सगळा दिवस रस्त्यावर जातो. खोडा. कोर्लईच्या पायथ्याच्या गावात आजही पोर्तुगीज मिसळलेली एक बोली बोलली जाते. अशा गावात वीस मिनिटं थांबून किल्ल्यासमोर सेल्फी काढून निघायचं असेल तर न गेलेलं बरं. चौल, रेवदंडा दिवाळीसाठी ठेवले आहेतच. उरला कुलाबा किल्ला. तो राहू द्या, तो अलिबागच्या समोरच समुद्रात आहे, आणि त्याला जायला गाडी लागत नाही, ओहोटी लागते.

इथे तुमच्या एक्सेलला काम देते. कोळ्यांचा जुना हिशोब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. तिथीला तीनने गुणा, चारने भागा. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, म्हणजे ओहोटी साधारण सकाळी नऊला आणि रात्री नऊला. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास, म्हणून ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी. शुक्लपक्ष असो की वद्य, पहिल्यापासूनच मोजायचं. हा अंदाज आहे, पक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा आणि किनाऱ्यावर घोडागाडीवाल्यांना विचारा. ओहोटीला वाळूतून, खडकांतून, कुठे घोट्याएवढ्या पाण्यातून चालत जाता येतं. पाणी चढायच्या आत परत निघायचं, "अजून पाच मिनिटं" करायचं नाही. किल्ल्याच्या तटाचे दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेले आहेत. लाटेचं पाणी फटींतून आत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो. आत गोड्या पाण्याची सोय आहे, सिद्धिविनायकाचं देऊळ आहे. कान्होजी आंग्र्यांचं सगळं आरमारी राजकारण ज्या किनाऱ्यावरून चाललं तो हाच. त्यांची समाधी अलिबाग गावात आहे, बाजारातून चालत जाता येतं.

गावातच चुंबकीय वेधशाळा आहे, पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारी. पूर्वी ती मुंबईत कुलाब्याला होती. ट्राम विजेवर चालवायचं ठरलं आणि विजेमुळे चुंबकाच्या सुया बिघडतील म्हणून १९०४मध्ये ती इथे हलवली, इमारतही लोखंड टाळून बांधली. मुंबईच्या गडबडीतून सुटायला अलिबागला येण्याची परंपरा जुनी आहे म्हणायची.

या पलीकडे काही ठरवू नका. ठरवायचंच असेल तर अर्धं ठरवा. अलिबागजवळ किहीमला सलीम अलींनी १९३०मध्ये सुगरण पक्ष्यांचं निरीक्षण केलं होतं. नर घरटं अर्धंच विणतो आणि थांबतो. मादी येते, आत शिरून बघते, तिला पटलं तर राहते, आणि मगच तो उरलेलं विणतो. नाही पटलं तर ती निघून जाते आणि तो दुसरं सुरू करतो. तुम्ही आतल्या रंगरंगोटीसकट पूर्ण विणून मोबाइलवर पाठवलंत.

म्हणून आता त्यांच्याकडे जा आणि एवढंच सांगा: "तू गाडी नको म्हणाली होतीस, मी ऐकलं नाही. आईकडे ताई येतेय. दुसऱ्या शनिवारला जोडून शुक्रवार घेऊ या का? राहायचं कुठे ते तू बघतेस की मी बघू?" आणि थांबा. उत्तर त्याच रात्री आलं पाहिजे असं नाही. शहरात राहायचं की किहीमला झाडीत, किल्ला बघायचा की दुपारभर झोपायचं, हे त्यांना ठरवू दे. त्या म्हणाल्या की मला दोन दिवस फक्त झोपायचंय, तर ती सहल वाया गेली असं समजू नका. आणि गाडी नाही, आईंची सोय झाली, तारीखही सोयीची, तरीही नकोच म्हणाल्या, तर मात्र बोट आणि अलिबाग बाजूला ठेवून घरीच बसून विचारा की काय झालंय. तेव्हा तो प्रश्न सहलीचा राहत नाही.

जेवणाचं एक. सुरमई दोनदा लिहिली आहे, शनिवार पाळत असाल तर दोन्ही शुक्रवारीच उरका. थंडीत गेलात तर पोपटी चुकवू नका. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा आणि मीठ घालून बाहेरून जाळ करतात. कोणी घरगुती करून देणारं भेटलं तर आधी सांगावं लागतं. फेब्रुवारीच्या पुढे पांढऱ्या कांद्याच्या माळा रस्त्याकडेला टांगलेल्या दिसतील, या कांद्याला २०२२मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आईंसाठी एक माळ घ्या, पण तरीतून आणि लोकलमधून ती तुम्ही धरायची.

आता तुमचा खरा प्रश्न. बोलायचं काय.

इतकी वर्षं घरात विषय तयार मिळत होता. क्लास, फी, डबा, परीक्षा, प्रवेश, "ती अजून आली नाही". तो विषय पुण्याला गेला आणि तुम्ही दोघं समोरासमोर उरलात. हे तुमच्या एकट्याच्या घरात झालेलं नाही. या वर्षीच्या जूननंतर मला आलेल्या पत्रांमध्ये 'घर फार शांत झालंय' हे वाक्य सारखं भेटतंय, आणि ते लिहिणारे बहुतेक पुरुष आहेत. बायकांना ती शांतता आधीपासून ओळखीची असते का, कोण जाणे.

काही पुरुष अशा वेळी ठरवून टाकतात की मुलीचा विषय काढायचाच नाही. असला नियम करू नका. पहिला तासभर तिच्याबद्दलच बोललात तरी काय बिघडलं? तिचा फोन आला तर घ्या, स्पीकरवर टाका, बोटीचा आवाज ऐकवा. विषय संपायचा तेव्हा आपोआप संपेल. आणि संपल्यावर गप्प बसायला लागलं तर बसा. बोटीची सोय हीच आहे की तिथे कोणी समोरासमोर बसत नाही. दोघं एकाच दिशेला बघत असता, इंजिनाचा आवाज असतो, अर्धं बोललेलं ऐकूही येत नाही, त्यामुळे बोललंच पाहिजे असा धाक राहत नाही. रेस्टॉरंटच्या टेबलावर पाच मिनिटांची शांतता अंगावर येते, डेकवर अर्धा तास कळतही नाही. तुम्हाला पोटात गोळा येतो, तो कदाचित त्यांनाही येत असेल, आणि म्हणूनच त्यांनी बोट निवडली असेल. हा पुन्हा माझा अंदाज.

एक मात्र करा. ज्याचं उत्तर तुम्हाला ठाऊक नाही असं काहीतरी विचारा. "बँकेत कसं चाललंय" हा प्रश्न नाही, त्याला "चाललंय" हेच उत्तर आहे. ठाणे-बेलापूर ट्रेनमध्ये त्यांचा ग्रुप असणार. बायकांच्या डब्यात असतोच. कोणाचा वाढदिवस डब्यात साजरा होतो, कोणाच्या सासूचं काय चाललंय, नवरात्रात साड्यांचे रंग कोण ठरवतं, कोणाची बदली झाली आणि कोण रडलं. रोजचे दोन तास त्या तुमच्याशिवाय एका वेगळ्याच गावात राहतात आणि मला शंका आहे की त्या गावातल्या एकीचंही नाव तुम्हाला सांगता येणार नाही. विचारा आणि ऐका. मध्ये उपाय सुचवू नका. "मग तू सरळ सांगायचंस ना तिला" हे वाक्य दोन दिवस ठाण्यात ठेवून या.

शनिवारी सकाळी तास-दीड तास त्यांना एकटीला सोडा. कुठे जातात विचारू नका. तुम्ही समाधी बघून या किंवा एसटी स्टँडवर चहा घेत बसा. काही नवऱ्यांना हे अपमानासारखं वाटतं, तुम्हाला वाटू नये. घरात सासूबाई, बँकेत लाइन आणि ट्रेनमध्ये चौथी सीट, असा दिवस काढणाऱ्या बाईला एकटीने किनाऱ्यावर चालायला मिळणं दुर्मिळ असतं. त्या परत येतील तेव्हा बोलायला काहीतरी असेलही.

तुमच्या ताज्या कलमाचं राहिलंच. जागेअभावी वर छापलेलं नाही, पण तुम्ही विचारलंय की ऑफिसमधला मित्र सपत्नीक यायला तयार आहे, चौघं असलो की कंपनी होईल, तर बोलावू का? नको. त्यांना नंतर कधीतरी कोलशेतला जेवायला बोलवा, आणि त्या दिवशी स्वयंपाक तुम्ही करा.